देवमनचं तास आणि नबीभाऊंचं बोर्ड

अचलपुरात नबीभाऊंच्या दुकानावर पाटी नाही आणि तिची गरजही नाही. ट्रॅक्टरचा सेल्फ बसला, चार्जिंग होईना, की पंचक्रोशी आपोआप त्यांच्याकडे वळते. माणूस तोंडाचा फाटका. वायरीला नुसता पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली की गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार झालाच म्हणून समजा. पण हाताला गुण असा, की शिव्या खाऊनही लोक तिथंच जायचे.

बॅटरीची एक युक्तीही गावोगावच्या ड्रायव्हरांना त्यांनीच शिकवलेली. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू होत नसेल, तर आपलं इंजिन चालू ठेवून आपली बॅटरी काढायची, त्याला लावायची आणि त्याचं इंजिन फुरफुरलं की परत आणायची. "इंजिन एकडाव सुरू झालं का त्याले बॅटरी कायले पाह्यजे?" असं ते छाती ठोकून सांगत. आणि डिझेलचं इंजिन खरोखरच बंद पडत नसे.

या युक्तीचा पहिला शागीर्द देवमन. तीस वर्षं तो जानरावांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. पेरणीचं तास, म्हणजे बियाण्याची ओळ, असं काढायचा की बांधावरून पाहणाऱ्यानं दोरी लावली होती का म्हणून विचारावं. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हातानं त्या काही मनावर घेतल्या नाहीत. तासं वाकडी जाऊ लागली, आणि वाकड्या तासात तण काढायला डवरा घातला की तणाबरोबर पीकही उपटून येतं. जानराव काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी दोन पेरण्या पाहिलं आणि मग सांगितलं, "यंदाचा हरभरा पेर, देवमन. तास सरळ आलं तं बरं. नाही तं मले दुसरा ड्रायव्हर पाहा लागन."

हे नबीभाऊंना सांगताना देवमन उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. "ट्रॅक्टर गेला तं मले दुसरं काय येते, भाऊ?" त्यानं विचारलं.

"रडून काहून राहिला बे?" नबीभाऊ खेकसले. 

उपग्रहाच्या खुणेवर स्टिअरिंग आपोआप फिरवणारा ट्रॅक्टर त्यांनी मोबाइलवर पाहिला होता. त्याचा प्रोग्राम फुकट मिळतो, तो चालवणारं सर्किटचं बोर्ड मात्र आपलं आपण जोडायचं. तीन महिने ते त्याच्या मागे लागले. स्टिअरिंगवर मोटर बसली, छपरावर अँटेना बसली, आणि घोडं पेंड खाऊ लागलं ते व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरपाशी. ट्रॅक्टरचे बारा व्होल्ट म्हणजे बोलायचे बारा. सेल्फ मारताना नऊवर उतरतात, इंजिन पळायला लागलं की साडेचौदावर चढतात. बोर्डाला पाचच हवेत. तीन पायांचा जुना रेग्युलेटर बोर्डाच्या डब्यात इतका तापला की बोटाला फोड आला. म्हणून थंड राहणारा नवा घ्यायला ते एसटीनं अकोल्याला गेले.

दुकानात चोवीस व्होल्टपर्यंत सोसणारा होता. साठपर्यंत सोसणारा पंधरा दिवसांनी येणार होता. पेरणी आठ दिवसांवर आलेली. बाराच्या बॅटरीला चोवीस म्हणजे दुप्पट झाले, असं म्हणून नबीभाऊंनी चोवीसचा उचलला. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बोर्डाची वायर जोडणारा कनेक्टर निवडायला मात्र त्यांनी दोन तास घातले. स्क्रूचे नको, हादऱ्यानं ढिले होतात. बारीक पिनांचे नको, देवमनच्या हातानं वाकतील. शेवटी जाड, रबरी कडेचा, एकाच बाजूनं बसणारा आणि टक् वाजून अडकणारा मिळाला. नबीभाऊंनी डोळे मिटले, हात मुद्दाम थरथरवला आणि तो दहादा लावून पाहिला. दुकानदार हसायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बोर्डाला वेगळं बटणही त्यांनी ठेवलं नाही. चावी फिरवली की बोर्ड चालू. देवमनला चाचपडायला नको.

चाचणीला जानराव स्वतः आले. देवमननं कनेक्टर लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. स्टिअरिंग आपलं आपण हलत राहिलं. वावराच्या कडेला धुऱ्यावर पोचून त्यानं मागे वळून पाहिलं, तर तास नाकासमोर आलेलं. तो ढसाढसा रडला. जानरावांनी खाली बसून तास निरखलं आणि म्हणाले, "उद्या सडकेवरचं वावर घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन कनेक्टर लावून, इंजिन सुरू करून निघणार, तोच शेजारच्या वावरातून हाक आली. तिथला ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. तीस वर्षांत त्यानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यानं पाना घेतला आणि चालत्या इंजिनची बॅटरी सोडवली. बॅटरी सुटली आणि चार्जिंगचा लोंढा आवरणारं काही उरलं नाही. विजेचा दाब एकदम चढला, चोवीस व्होल्ट कुठल्या कुठे मागे पडले. डब्यातून जळका वास आला.

नबीभाऊ पोचले तेव्हा रेग्युलेटर, प्रोसेसर, उपग्रहाचा रिसीव्हर सगळं मेलं होतं. रिसीव्हर यायला महिना लागणार होता. जमिनीतली ओल महिनाभर थांबत नाही. जानराव दोन दिवस थांबले, तिसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर सीटवर बसला.

"माह्या हातानंच बिघडलं ना?" देवमननं विचारलं.

"तुह्या हातानं नाही, माह्या अकलेनं," नबीभाऊ म्हणाले. "बॅटरी काढाची मीच शिकवली होती तुले. आता काढू नको, हे सांगाचं राहून गेलं."

"तुमी चांगलंच शिकवलं होतं, भाऊ. लोकायचे ट्रॅक्टर तं सुरू झाले."

नबीभाऊंनी जळकं बोर्ड सोडवून पिशवीत टाकलं.

साठ व्होल्टचा रेग्युलेटरही नबीभाऊंनी सांगून ठेवला होता, तो पंधरा दिवसांनी आला. आता तो खणात पडून आहे. नव्या ड्रायव्हरचा हात धड आहे, त्याला बोर्ड नको. देवमन अधूनमधून एसटीनं दुकानात येतो, जळक्या बोर्डाच्या वायरीतून काढून ठेवलेली कनेक्टरची ती जोडी हातात घेतो आणि थरथरत्या हातानं जुळवतो. टक् वाजतं.

"पाहा भाऊ," तो म्हणतो, "पयल्याच दमात लागते."

"लागते," नबीभाऊ मान वर न करता म्हणतात. देवमन ती सोडवतो आणि पुन्हा लावतो.