आर्याला उठायची परवानगी

"पुढच्या वर्षी हिच्यासाठी दुसरी शाळा बघा," मुख्याध्यापिका आर्याच्या आईला म्हणाल्या. सुनीताताई खाली मान घालून बसलेल्या. नवऱ्याचं शहाडला गॅरेज, घराजवळ परवडणारी शाळा ही एकच.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बसणं, लिहिणं, जेवणं अशा रोजच्या गोष्टी मुलांना जड जातात, तेव्हा आम्ही वाट काढतो. तिसरीतल्या आर्याचं लक्ष टिकत नव्हतं. ती वर्गात सारखी उठायची, दुसऱ्यांच्या वह्या ओढायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं, आधी घरी आणि वर्गात बदल करून बघा, औषधाचं नंतर ठरवू.

मी दिवाळीच्या परीक्षेपर्यंत मुदत मागितली, आणि वर्गात बसायची परवानगी. मॅडमनी नाखुशीने दिली.

आर्याचा बाक दाराशी होता. बाहेरून कोणीही गेलं की तिची मान वळायची. तिच्या वर्गशिक्षिका पाटील टीचर एका दमात सांगायच्या, वही काढा, तारीख घाला, फळ्यावरचं उतरवा. आर्या वही काढून थांबायची. पुढचं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मी टीचरना सुचवलं, तिला पुढे भिंतीकडे बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, गणिताचं पान दुमडून अर्धंच समोर ठेवा. आणि थोडं लिहून झालं की उठायचं काम द्या.

"एवढ्या मोठ्या वर्गात एकटीसाठी काय काय करू?" त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता.

"तशीही ती उठतेच," मी म्हटलं. "तुम्ही सांगून उठू दे."

त्यांनी तिला फळा पुसायचं काम दिलं. आठवड्याभरातच टीचरचा फोन आला. आर्याने सगळ्या वर्गाचा गृहपाठ पुसून टाकलेला, कोणी उतरवून घ्यायच्या आत. त्या भडकलेल्या होत्या. मी माफी मागितली आणि म्हटलं, काम बदलू, उठणं नको बंद करूया. मग तिच्याकडे वह्या वाटायचं काम आलं. ते तिला जमलं.

घरीही शिकवणी होतीच, पण मोठ्यांची. वडिलांचं मत होतं, दोन फटके दिले की सरळ होईल. मी म्हटलं, ते करून झालंय ना? सुनीताताई स्वयंपाकघरातून ओरडायचं सोडून जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगायला लागल्या. काम झालं की लगेच शाबासकी.

दिवाळीच्या परीक्षेत आर्याने गणिताचा पेपर जवळजवळ पूर्ण सोडवला. शेवटचं गणित राहिलं. सुनीताताई तो पेपर घेऊन मला दाखवायला आल्या. औषधाची गरज सध्या नाही, असं डॉक्टर म्हणाले. लागलं असतं तर तेही दिलं असतं.

मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या शाळेचा विषय काढला नाही. चौथीतल्या एका मुलाला बघाल का, एवढंच विचारलं.

नुसतं 'शांत बस' म्हणून अशी मुलं बसत नाहीत. कधी उठायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं.