सपाट काउंटीतली सात झाडं

२०२३ साल. माझं वय एकोणसत्तर. साकीनाक्याच्या गाळ्यात टेबलावर नकाशा पसरून मी स्नेहलला सांगत होतो, ही शीट अर्धीच आलीय, उरलेली मागव.

"पूर्ण आहे, काका," ती म्हणाली.

"मग डोंगर कुठे आहेत?"

"नाहीत."

"टेकडी तरी?"

"टेकडीपण नाही. सगळं सपाट आहे."

मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. चौकोन, चौकोन आणि चौकोन. शाळेच्या गणिताच्या वहीचं पान मोठं करून पाठवावं तसं. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण गणिताची वही कशी दिसते ते मला माहीत आहे.

आधी माझं काम सांगतो. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत टॉवर ठेवलेला असतो, खाली नखाएवढ्या गाड्या, बाकावर बसलेली माणसं, स्विमिंग पूल. ते मॉडेल आमच्यासारखे लोक बनवतात. मी स्नेहलच्या वडिलांच्या हाताखाली लागलो तेव्हा तिचा जन्मसुद्धा झाला नव्हता. ते गेले. आता गाळा ती चालवते. आर्किटेक्ट आहे, मुलुंडहून येते. गिऱ्हाईक समोर असलं की मी तिला मॅडम म्हणतो, एरवी नावाने.

जमिनीचं मॉडेल ही माझी खासियत. नकाशावर सारख्या उंचीच्या रेघा असतात, त्यांना कंटूर म्हणतात. एकेका रेघेप्रमाणे फोमची शीट कापायची आणि एकावर एक चिकटवायची, की डोंगर उभा राहतो. येऊरचे डोंगर मी केलेत. घाटातल्या धरणाचं मॉडेल केलंय, मंत्री बघून गेले होते. पण या नकाशावर कंटूर जवळजवळ नव्हतेच. एक रेघ इकडे, दुसरी पार तिकडे.

काम अमेरिकेतलं होतं. समुद्रापासून लांब, देशाच्या मधोमध एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका धरा. स्नेहलची कॉलेजची मैत्रीण तिथे जवळपास इंजिनियर आहे, तिने आमचं नाव सुचवलं. त्यांच्या कचेरीच्या हॉलमधे अख्ख्या काउंटीचं मॉडेल मांडायचं होतं. दहा फूट बाय आठ फूट, चार तुकड्यांत, म्हणजे पेटीत बसेल.

स्नेहलने मला आधीच सांगून ठेवलं होतं. पलीकडच्या गल्लीत एकाने कटिंगचं मशीन आणलंय. नकाशा कॉम्प्युटरमधे घातला की ते आपोआप जमीन कापून देतं. "हे काम हाताने करू, काका. पास झालं तर तुमचं टेबल राहील. नाहीतर जमिनीचं सगळं काम मशीनला द्यावं लागेल, मला दुसरा इलाज नाही." गोड बोलली, पण बोलली. सगळं या एका कामावर होतं.

कामाला हात घातला आणि माझं डोकं फिरायला लागलं.

पहिली भानगड रस्त्यांची. दर मैलाला एक रस्ता, नाकासमोर सरळ. कुठे वळण नाही. आपल्याकडे रस्ता विहीर, वाडी, देऊळ बघत बघत जातो. इथे कोणाला काही चुकवायचंच नव्हतं का? स्नेहलने त्यांच्या लिंडाबाईंना ईमेल करून विचारलं. लिंडाबाई कचेरीतल्या, मॉडेलचं काम त्यांच्याकडे. त्यांचं उत्तर असं आलं की तिथे आधी सरकारी माणसांनी जमिनीवर चौकोन आखले आणि मग लोक राहायला आले. आधी प्लॉट, मग गाव. हे मला थोडं समजलं, बिल्डर असंच करतात. पण अख्खा तालुका?

मी म्हटलं, विचार, त्यांच्या आधी तिथे कोण होतं. कोणीतरी असणारच. लिंडाबाईंनी कळवलं की पुरुषभर उंच गवत होतं, रानरेडे होते आणि त्यांच्यामागे फिरणारी मूळची माणसं होती. त्यांना तिथून हलवलं. एवढंच. हलवलं म्हणजे काय ते मला कोणी समजावून द्यायला नको. आमची जुनी वस्ती हलवली तेव्हा ट्रान्झिट कॅम्पात माझी उमेदीची वर्षं गेली. मी पुढे विचारलं नाही.

दुसरी भानगड गावांची. नकाशावर नाव छापलंय, पण वरून काढलेल्या फोटोत त्या जागी शेत. एक नाही, बरीच गावं तशी. मला वाटलं फोटो चुकीचा पाठवला. नाही म्हणे. रेल्वे आली तेव्हा घोडागाडी एका दिवसात जाऊन परत येईल एवढ्या अंतरावर गावं वसवली. पुढे मोटारी आल्या, रेल्वेचे रूळ काढले, गावं ओस पडली. काहींचं स्मशान तेवढं उरलंय. पूर्वी जिथे कितीतरी घरं शेती करायची तिथे आज एक घर मोठ्या मशीनवर सगळं करतं. बाकीचे शहरात.

"पूर आला?" मी विचारलं.

"नाही."

"रोगराई?"

"नाही हो. नुसते निघून गेले."

मला हे पटेना. काउंटी तीन मुंबया मावतील एवढी, आणि माणसं आमच्या गल्लीसमोरच्या टॉवरांत सहज बसतील एवढीच. काळी, कसदार जमीन. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. चांगली जागा टाकून माणूस नुसता निघून कसा जाईल? स्नेहल म्हणाली, काका, तुम्ही मॉडेल बनवा, त्यांच्या संसाराचं बघू नका.

बनवलं. उंची खऱ्यापेक्षा दसपट फुगवली, तरी उठाव जेमतेम नखाएवढा आला. भुसा रंगवून शेतं केली, काही पिवळी, काही हिरवी. रस्त्यांना पातळ पट्ट्या लावल्या. मधे एक ओढा आणि लहान लहान तळी. एकाच खऱ्या गावात कचेरी आणि धान्याची उंच कोठारं. लांब उभं राहून बघितलं तर मला माझीच लाज वाटली. फरशी दिसत होती, दहा बाय आठची फरशी. चाळीसच्या वर वर्षं हे काम केलेल्या माणसाने हे द्यायचं?

तेवढ्यात चौथ्या तुकड्यावर माझ्या हातून थिनरचा थेंब पडला. थिनर फोम खातो. चवळीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. भरला असता, पण त्या पिवळ्याचा रंग परत तसाच जुळवणं म्हणजे एक दिवस गेला. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कोणी सांगणार नाही. मॉडेलमधे जिथे झाडी दाट दिसते तिथे खाली काहीतरी झाकलेलं असतं. सांधा, ओरखडा, वाकडी कापलेली कड. मी स्पंजची सात झाडं घेतली आणि खड्ड्यावर लावून टाकली.

आणि तो कोपरा एकदम जिवंत दिसायला लागला.

मग मी थांबलो नाही. स्नेहल दोन दिवस बोरिवलीच्या साइटवर होती. मी पाच इकडे, आठ तिकडे, जिथे डोळा अडेल तिथे झाडं लावली. ज्वारीच्या दाण्याएवढी झाडं, प्रत्येक चिमट्याने. ती परत आली, बघून म्हणाली, "काका, हे ड्रॉइंगमधे आहे?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी रिकामं मॉडेल कधी बाहेर पाठवलं होतं का?" ती ओठ चावत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला. तिथे सकाळ. त्यांनी पास म्हटलं की पेटी बंद. स्क्रीनवर लिंडाबाई होत्या आणि शेजारी टोपी घातलेला एक म्हातारा, वॉल्टर नावाचा. जन्मापासून तिथला शेतकरी, नव्वदीकडे झुकलेला. कोणता ओढा कुठे ते त्याला पाठ, म्हणून बसवलेला. स्नेहल मोबाइल मॉडेलवरून हळूहळू फिरवत होती आणि त्यांचं बोलणं मला मराठीत सांगत होती.

म्हाताऱ्याने पहिल्या तुकड्यावरच थांबवलं. "ते घर कोणाचं?"

मी म्हटलं घर कुठे आहे, ती झाडं आहेत. स्नेहलने सांगितलं. तो म्हणाला, तेच विचारतोय, ते घर कोणाचं. जरा पुढे गेल्यावर परत तेच. इथे कोण राहायचं? इथे कधी कोणी नव्हतं. तो चिडला नव्हता, तो गोंधळला होता. आपल्याच गावात कोणीतरी अनोळखी माणसं आणून बसवावीत तसा बघत होता.

मग लिंडाबाईंनी समजावलं. त्या मुलखात ओढ्याचा काठ सोडला तर झाड आपोआप येत नाही. वारा आणि थंडी उगवू देत नाहीत. शेती करायला पहिले लोक आले त्यांनी घराभोवती वारा अडवायला झाडांची रांग लावली, बादलीने पाणी घालून जगवली. पुढे माणसं गेली, घरं पडली, झाडं उरली. तिथे रस्त्याने जाताना शेतात झाडांचा पुंजका दिसला की समजायचं, इथे एक कुटुंब होतं. नावंसुद्धा सांगतात लोक.

हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आमच्या कोकणात झाड येऊ नये म्हणून कोयता घेऊन बसावं लागतं. साकीनाक्यात गटाराच्या पायपातून पिंपळ येतो. कोणी लावल्याशिवाय झाडच नाही, ही कुठली जमीन? आणि मी तिथे किती घरं बसवली होती कोण जाणे.

स्नेहल माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, गेलं टेबल.

मोबाइल चौथ्या तुकड्यावर आला. म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"काका," स्नेहल म्हणाली, "तो म्हणतोय ही आमची जागा. इथे त्याचं घर होतं, आजीने लावलेली झाडं होती. जमीन विकली, नव्या मालकाने झाडं पाडून नांगर फिरवला. फोटोत काहीच दिसत नाही. तो विचारतोय, मुंबईत बसून तुम्हाला कसं कळलं."

मी काय सांगणार? जे खरं होतं ते तोंडातून गेलं. "सांग त्याला, थिनर पडला म्हणून लावली."

ती इंग्रजीत बोलली. बराच वेळ बोलली. मला इंग्रजी येत नाही, पण थिनरला आम्हीही थिनरच म्हणतो आणि तो शब्द तिच्या बोलण्यात आला नाही. म्हातारा ऐकत होता. डोळे पुसले. मग हात आडवा धरून दाखवायला लागला, रांग या बाजूला, वारा तिकडून यायचा, वायव्येकडून, घर इथे आत.

लिंडाबाईंनी निकाल दिला. बाकी सगळी झाडं काढायची. ती सात राहू देत, वॉल्टर सांगतो म्हणून. मॉडेल पास.

कॉल बंद झाल्यावर मी स्नेहलला विचारलं, काय सांगितलंस.

"सांगितलं की काका म्हणतात, इथे कोणीतरी राहत असणार असं वाटलं."

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय सांगू? थिनर सांडला? रडत होता तो."

"माझ्या नावाने खोटं बोललीस तू."

"काका, टेबल वाचलं तुमचं."

"टेबलाचं मला सांगू नकोस."

ती पर्स उचलून गेली. मी बसून चिमट्याने एकेक झाड काढत राहिलो. कोण बरोबर ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नक्की कळत नाही. म्हाताऱ्याला जे मिळालं ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही, कारण जागा त्याचीच होती. आणि झाडं काढल्यावर मॉडेल परत फरशीसारखं दिसायला लागलं, हेही खरं आहे, कोणी काही म्हणो. एवढं मात्र शिकलो की रिकामी जागा दिसली तर हात लावायच्या आधी विचारावं, इथे कोण होतं. हा प्रश्न मी मूळच्या माणसांबद्दल विचारला होता आणि मग मधेच सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नेहल यायच्या आधी गाळ्याचं शटर उघडलं. चौथा तुकडा टेबलावर घेतला आणि ती सात झाडंही उपटली. खड्ड्यात पुट्टी भरली, सुकू दिली, पॉलिश पेपर मारला. पिवळा तिसऱ्या खेपेला जुळला. मग म्हाताऱ्याने हाताने दाखवलं होतं तशी झाडं लावली, चार उत्तरेला, तीन पश्चिमेला, सरळ रांगेत. आत कोपऱ्यात घराएवढी जागा रिकामी ठेवली आणि पेटीला खिळे ठोकले.