झाकण लावलेल्या कॅमेऱ्यातला दिवा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहे. तिथे वस्तू एकतर पास होते, नाहीतर बाद... तिसरा शिक्का आमच्याकडे नाही. म्हणून हे लिहिताना माझं मलाच चमत्कारिक वाटतंय.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबांच्या नोकरीपायी भोपाळला आलो आणि नेहरू नगरातच रुजलो. दोन वर्षांपूर्वी मला आकाशाचे फोटो काढायचं खूळ लागलं. सेकंडहँड कॅमेरा, डगमगता ट्रायपॉड आणि घराची गच्ची, एवढंच भांडवल. आईच्या मते मी पैसे मोजून सर्दी विकत घेत होते.

माझा मोठा शत्रू म्हणजे समोरच्या गच्चीवरचा पिवळा बल्ब. तिथे मालूकाकू आणि नाना राहतात. नाना पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. आता त्यांना विसर पडतो... कधीकधी तर काकूंच्या नावाचाही. पण टाकी भरली की नाही ते पाहायला रोज वर जाणार म्हणजे जाणार. कडी लावली तर दार बडवत बसतात. आणि त्या गच्चीला मागच्या बाजूने कठडा नव्हता, काम अर्धवट राहिलं होतं. म्हणून तो बल्ब अंधार पडला की लागायचा तो सकाळपर्यंत.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, पूर्वेला मृग नक्षत्र छान वर आलेलं पाहिलं आणि मी काकूंना फोन लावला.

"काकू, बस एक घंटा बल्ब बंद ठेवाल? फोटो घ्यायचाय."

"अगं, आणि नाना वर गेले तर?"

"त्यांना जेवायला बसवा ना. नऊच्या आत लावून टाका."

"बरं बेटा. मी बसते त्यांच्यापाशी."

बल्ब गेला. मृगाचे शंभरेक फोटो झाले, प्रत्येकात खालच्या कोपऱ्यात त्यांची काळी गच्ची. मग राहिल्या डार्क फ्रेम. म्हणजे कॅमेरा न हलवता लेन्सला झाकण लावायचं आणि वीस-वीस सेकंदांचे आणखी वीस फोटो काढायचे. त्यात नुसता काळोख येतो आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे बारीक दोष. नंतर कॉम्प्युटर ते दोष मूळ फोटोतून वजा करतो. आता झाकणबंद कॅमेऱ्याजवळ कुडकुडत कोण उभं राहणार? टायमर लावला आणि खाली जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू फाटकापाशी भेटल्या. चेहरा उतरलेला.

"काल टीव्हीपुढे मला झपकी आली गं. उठले तर नाना नाहीत! धावत गेले, तर जिन्याने खाली येत होते... अंधारात, आरामात."

नाना ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. म्हणाले, "अंधार कुठे होता? दिवा होता की. कुणीतरी पुढे धरून चाललं होतं. भला माणूस."

"काहीतरीच! टॉर्च तर महिनाभर बिना सेलची पडलीय," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझी काय चूक बेटा, डोळा मलाच लागला."

मला त्यांच्याकडे बघवेना. एका फोटोसाठी मी एका म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लावला होता.

संध्याकाळी फोटो उघडले. पहिल्या पाच डार्क फ्रेम काळ्या. सहावीत खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका, जरासा ओढल्यासारखा. जिथे कठडा नव्हता, बरोब्बर तिथे. सातवीत थोडा आत. आठवीत आणखी आत. चौदावीत जिन्याच्या दारापाशी. पंधरावीपासून पुन्हा काळं. फोटोंवरची वेळ साडेआठनंतरची, काकू जिन्याकडे धावल्या त्या सुमाराची.

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. एक म्हणाला, सेन्सरचा दोष. पण दोष जागेवरून हलत नाही. दुसरा म्हणाला, झाकण पडलं असेल. जेवून वर आले तेव्हा झाकण लेन्सवरच होतं, मीच काढलं. आणि ते पडलं असतं तर तारे दिसले असते. त्या फोटोंत एकही तारा नाही — फक्त तो दिवा. तिसरा म्हणाला, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने उजेड शिरला असेल. तसं झालं तर धुरकट पट्टा येतो, ठिपका चालत जात नाही.

पुढच्या महिन्यात मी स्वतः उभी राहून त्या गच्चीला कठडा बांधून घेतला. बल्ब बंद करा असं पुन्हा कधी म्हटलं नाही. नाना अधूनमधून विचारतात, "तो माणूस पुन्हा दिसला नाही गं?" मी त्यांना टाकी भरली का ते विचारते.

मृगाचा तो फोटो भिंतीवर आहे, पण दाणेदार, खराब. जाणकार येतात आणि म्हणतात, डार्क फ्रेम वजा केल्या नाहीत वाटतं?

नाही केल्या. त्या वीस फोटोंना दोष म्हणायला माझं मन धजलं नाही.