पोस्टासमोर पार्सल शिवणारी

पुलगावच्या पोस्टासमोर एक म्हातारी पार्सलं कापडात शिवून द्यायची. बोलतानाही तिची सुई दातांत असायची. नाव विचारायचा मला धीर झाला नाही.

आमचे हे वारल्यावर मुलीनं त्यांचा कॅमेरा कॉम्प्युटरवरून पुण्याच्या एका माणसाला विकला. यांनी तो कधी कोणाला हाताळू दिला नव्हता. मी तो घरच्या कापसात गुंडाळून खोक्यात नेला.

म्हातारीनं खोकं कानाशी हलवलं. आत खडखडलं. तिनं आणखी कापूस ठासून भरला आणि खोकं माझ्या हातात दिलं.

"आता पाड खाली."

"पाडू?"

"काऊन घाबरून राह्यली, माय? तुह्या हातून पडून वाचलं, तर कोनाच्याबी हातून पडून वाचन."

माझी बोटं सुटेनात. तिनं घाई केली नाही. शेवटी मी डोळे मिटून सोडलं. धप्प झालं. तिनं खोकं उघडून काच दाखवली. साधा चराही नव्हता. मग ती शिवायला बसली.

कॅमेरा नीट मिळाल्याचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मुलीनं देवाला हात जोडले. मला नवल वाटलं नाही. मी तो आधीच पाडून पाहिला होता.