मक्यावर घसरले त्याचा व्हिडिओ

मुलीने हट्टाने कॅमेरा घेऊन दिला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, स्कूटीच्या हँडलवर बसणारा. जुन्या जालन्यातून वडीगोद्रीकडच्या शाळेत शिकवायला मी रोज स्कूटीवर जाते, आणि रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांवर तिचा विश्वास नाही. "आई, कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसतो. काही झालं तर एवढं बटण दाब, तो भाग राहतो," असं तिने शिकवलं. मी ते वहीत लिहून घेतलं. तांबडा दिवा लागला म्हणजे चालू, हेही लिहून घेतलं.

आमच्या शाळेच्या रस्त्यावर मका निघाला की अर्धं डांबर मक्याचं असतं. कडेला दगड मांडतात आणि आत दाणे वाळायला पसरतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींचा मका फाटकासमोरच असे. चुलीवर तांदूळ चढवून त्या मधूनच दाणे वरखाली करायला बाहेर येत.

त्या सकाळी मी त्यांच्या मक्यावर घसरून पडले. गुडघा फुटला, साडी फाटली. मावशी माझ्याकडे बघून दात काढत उभ्या होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच दिवशी मी मुख्याध्यापक सरांकडे लेखी तक्रार दिली: काम सोडून रस्ता अडवतात, कुणी पडलं तर हसतात, यांना ठेवू नये. शाळा समितीच्या बैठकीत मावशी एवढंच म्हणाल्या, "मी हात केल्ता, बाई. तुम्हीच खाली बघून राह्यल्या होत्या."

"खोटं बोलू नका. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

व्हिडिओ मी स्वतः पाहिलेला नव्हता. गरजच वाटली नव्हती. पडल्यावर बटण मात्र आठवणीने दाबलं होतं. सरांच्या लॅपटॉपला कार्ड लावलं आणि समितीचे पाचही जण पुढे सरकले.

आधी रस्ता दिसला, मग शाळेचं फाटक. तेवढ्यात सगळं तपकिरी झालं. ते माझं बोट होतं. त्यामागून माझाच आवाज, अगदी स्वच्छ: "आज तरी दिवा लागलाय का नाही मेल्याचा?" बोट बाजूला झालं तेव्हा दगड चाकाला टेकलेला होता.

"पुन्हा लावा, सावकाश करून," मी म्हणाले. माझा अजून विश्वास बसत नव्हता.

मुलीने कॅमेरा असा लावून दिला होता की चित्र कितीही सावकाश करता येतं आणि कडेचंही सगळं आत येतं. बोट येण्याआधीच डाव्या कोपऱ्यात मावशी होत्या. दोन्ही हात वर, तोंड उघडं. सावकाश चित्रात ते तोंड कितीतरी वेळ उघडंच होतं. त्या हसत नव्हत्या. ओरडत होत्या.

मग मी पडले. स्कूटी आडवी झाली तरी चित्र सरळच राहिलं. हीही त्या कॅमेऱ्याची करामत. त्या सरळ चित्रात मावशी स्वतःचा मका तुडवत धावत आल्या आणि माझ्या पायावरून गाडी उचलली. पुढे माझा आवाज: "हात लावू नका!"

यातलं मला काहीच आठवत नव्हतं. गाडी मीच उचलली असं मी घरी, शेजारी, स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. ते दात मी कुठे पाहिले होते?

समितीतले एक काका टोपी सारखी करत म्हणाले, "पुरावा बराबर हाय, मॅडम. निस्ता उलट्या बाजूनं हाय."

दोघे हसले. सर छताकडे बघायला लागले.

मी तक्रारीचा कागद मागून घेतला. त्यावर आडवं लिहिलं: 'मजकूर चुकीचा आहे. मी रस्त्याकडे बघत नव्हते. मावशींनीच मला उचललं.' खाली सही केली. तोंडाने माफी मागायला हवी होती; मी कागद सरांपुढे सरकवला.

मावशींना वाचता येत नाही. त्यांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग बाई, उद्याचा तांदूळ मीच काढू ना?"

"तुम्हीच काढा," मी म्हणाले.