विठ्ठलअण्णांचं दरवर्षीचं मरण

होळीत मरावं तर विठ्ठलअण्णा माळवद्यांनी, असं हुबळीत दुर्गदबैलच्या मागच्या गल्लीत लोक उघड म्हणत. अण्णांचं तिथं शिवणसामानाचं दुकान. अस्तर, फॉल, हुक, बटणं, लेस. वर्षभर ते गिऱ्हाईक बायकांशी अस्तराच्या रंगावरून हुज्जत घालायचे आणि रंगपंचमीच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिरडीवर आडवे व्हायचे.

होळीत कामण्णा, म्हणजे कामदेव, जळाला म्हटल्यावर त्याच्या नावानं कुणीतरी रडायला हवं, म्हणून त्या गल्लीत खोटी प्रेतयात्रा निघते. तिरडीवर जिवंत माणूस, पुढं हलगी, मागं लुगडी नेसलेले पुरुष तोंडावर हात मारून बोंब ठोकत चाललेले. चौकात शोक अगदी टिपेला पोचला की प्रेत ताडकन उठून बसतं आणि काहीतरी मागतं. काय मागणार ते प्रेताखेरीज कुणाला ठाऊक नसतं. एका वर्षी अण्णांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट मागितलं, वर कांदा जास्त घाल म्हणाले. एका वर्षी आपल्या विधवेसाठी चांगलं स्थळ बघा म्हणाले, तेव्हा हलगीवाला हसता हसता गटारात बसला.

उठायला काय, कुणीही उठेल. पडून राहणं कठीण. पोरं नाकात काडी घालत, कुणी गरम मिरची भजं नाकाखालून फिरवून नेई, एकदा तर गल्लीतल्या कुत्र्यानं अण्णांचा अख्खा तळवा सावकाश चाटून काढला. अण्णा मेलेले ते मेलेलेच. धारवाडला सप्तापुरात राहणारी प्राध्यापक मंडळी मुद्दाम बघायला यायची आणि परत जाताना आपसात म्हणायची, माणूस फार मनापासून मरतो.

त्यांची विधवा म्हणजे प्रभंजन वकील. दुकानाच्या वरच त्यांचं ऑफिस. कोर्टात हा माणूस इतका हळू बोलायचा की न्यायाधीश दोनदा विचारायचे, पण अंगावर पार्वतीकाकूंचं जुनं लुगडं चढलं की त्याचा आवाज थेट जुन्या बसस्टँडपर्यंत जायचा. पार्वतीकाकू म्हणजे अण्णांच्या खऱ्या बायको. त्या वकिलांना सरळ सवत म्हणायच्या आणि दर होळीला लुगडं इस्त्री करून द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी होळी होऊन गेल्यावर अण्णांची कंबर धरली. औषधाच्या दुकानातली सगळी मलमं चोळून झाली, लघवीची तक्रार सुरू झाली, तेव्हा मुलगा अक्षय त्यांना तपासणीला घेऊन गेला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि तो नुसता जागेवर न राहता हाडांत जाऊन बसला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा आता कापून काढण्यातला नाही, पण पुरुषाचं हार्मोन हे याचं खाणं. इंजेक्शन देऊन ते बंद केलं की हा उपाशी पडतो आणि गप्प राहतो. किती काळ ते माणसामाणसावर आहे. काहींची वर्षंच्या वर्षं निघतात, आणि पुढं दुसरी औषधंही आहेत.

“म्हणजे पाहुणा घर सोडेना, म्हणून आपणच चूल बंद ठेवायची,” अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि साधारण तसंच म्हणून सांगितलं.

पाहुणा उपाशी बसला खरा, पण घरच्यांचेही हाल व्हायला लागले. दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, आणि वेळ-अवेळ न बघता अंगात पेटणारी भट्टी. छाती, मान, कान लालबुंद व्हायचे आणि कपाळावरून घामाची धार लागायची. अक्षयनं उणकलला नवं घर घेतलं होतं, सगळे तिथंच राहायचे आणि तिथल्या तळ्याकाठी अण्णा हाडांसाठी रोज चालायला जायचे. थंडीत बाकीची म्हातारी मंडळी स्वेटर नि कानटोपीत गुरफटून चाललेली असायची आणि अण्णा शर्टाची बटणं सोडून, वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली थांबून स्वतःला वर्तमानपत्रानं वारा घालत असायचे.

पहिल्यांदा भट्टी पेटली तेव्हा ते घाबरून पार्वतीकाकूंना हाका मारत सुटले. काकूंनी एकदा नीट बघितलं, पंख्याचं बटण दाबलं आणि पुन्हा भाजी निवडायला बसल्या.

“हे मला व्हायचं तेव्हा तुम्ही काय म्हणायचात, आठवतंय?”

“नाही बा.”

“मला आठवतंय,” काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांच्या मापाचे मलमलचे दोन सैल सदरे शिवून आणले आणि माठाजवळ ओला पंचा टांगून ठेवला.

अण्णांची छाती थोडी भरली, दुखरीही झाली. आयुष्यभर ब्लाउजचं सामान विकलेला माणूस, आरशात बघून म्हणाला, आता मलाही अस्तर लागणार. शरीरसुखाचं काय होणार ते डॉक्टरांनी आधीच कन्नडमधून, टेबलाकडं बघत सांगितलं होतं. अण्णांनी ते घरी येऊन काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, “बरं. मग रोज माझे पाय चेपत जा.” तेव्हापासून अण्णा पाय चेपायला लागले, आणि हेही त्यांनी गल्लीभर सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नसे. “आमच्याकडं कामण्णा होळीच्या आधीच जळालाय,” असं ते प्रभंजन वकिलांना म्हणाले, तेव्हा हसावं की नाही हे न कळून वकील बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

सगळ्यांत मोठी भानगड म्हणजे रडू. जो माणूस आपल्या तिरडीवर वर्षानुवर्षं कोरडा राहिला, त्याच्या डोळ्यांना आता कशानंही पाणी यायचं. कुणी पोरगी बापाच्या शर्टाला बटणं घ्यायला आली की रडू. टीव्हीवर कुकरच्या जाहिरातीत सगळं घर एकत्र जेवायला बसलं की रडू. “इंजेक्शन आहे, थांबा जरा,” असं म्हणून अण्णा डोळे पुसायचे आणि पुढची लेस मोजायला घ्यायचे. गिऱ्हाइकांनाही सवय झाली. बायका थांबायच्या.

पुढची होळी आठवड्यावर आली तेव्हा प्रभंजन वकील केळ्यांचा घड घेऊन उणकलला आले. या माणसानं आजवर अण्णांकडं काही आणलं नव्हतं, उलट चहाच पिऊन जायचा. तेव्हा केळी बघूनच अण्णांना वास आला. वकील हवेवर बोलले, तळ्यातल्या पाण्यावर बोलले, गोकुळ रोडवरच्या वाहतुकीवर बोलले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

“अण्णा, सिट्ट धरू नका, राग मानू नका. यंदा आपण वरदला झोपवू या म्हणालोय.”

“वरद? तो बँकेतला? तो तर लग्नात अंतरपाट धरला तरी हसतो.”

“शिकेल की. आणि मंडळानं ठरवलंय, तुमचा सत्कार करायचा. शाल, डोक्याला म्हैसुरी पेटा, हार. इतकी वर्षं तुम्ही... म्हणजे इतक्या वर्षांची सेवा.”

जिवंत माणसाचा, त्यानं मेल्यासारखं पडून राहण्याबद्दल, निवृत्तीचा सत्कार करायची कल्पना फक्त आमच्या हुबळीच्या मंडळालाच सुचू शकते. अण्णा गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे ओळखून काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“का?” अण्णांनी विचारलं.

“बरं दिसत नाही ओ. लोक म्हणतात अपशकुन आहे. खरा आजारी माणूस तिरडीवर...”

“प्रभंजन, धडधाकट माणूस मेल्याचं सोंग करतो तेव्हा लोक हसतात. का? तर तो मरणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. मी झोपलो तर हसणार नाहीत म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मला आत्ताच मेलेला धरलंय. मी अजून दुकान उघडतोय. मला खोटं मरता येतंय तोवर मी जिवंत आहे, एवढं तरी ठेवा की माझ्याकडं.”

एवढं बोलून झालं आणि नेमकं त्याच वेळी डोळ्यांनी दगा दिला. अण्णा “इंजेक्शन आहे” म्हणाले, पण वकिलांनी ऐकलंच नाही. ते चपला घालायच्या आधीच जिन्यावर पोचले होते. मग चपला न्यायला परत आले.

रंगपंचमीला अण्णा गेले. सत्कार नाकारला तर रुसला म्हणतील, म्हणून गेले. गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, गळ्यात हार, अंगावर शाल, डोक्यावर पेटा. कुणीतरी कन्नडमध्ये भाषण केलं. त्यात अण्णांच्या कलेचं कौतुक सगळं भूतकाळात होतं. शेजारी तिरडीवर वरद पडला होता आणि हलगीचा पहिला ठोका पडताच खुदखुदायला लागला. त्याला दटावून पुन्हा झोपवला. मग त्याचा मोबाइल वाजला. प्रेतानं तो उचलला आणि “नंतर बोलतो, जरा बिझी आहे” म्हणून ठेवला.

हे बघणं अण्णांच्या सोसण्यापलीकडचं होतं. त्यात शालीच्या आत भट्टी पेटली. काकूंनी पुढं होऊन त्यांचा पेटा काढला, शाल काढली, आणि त्याच शालीनं वारा घालत लुगड्यातल्या प्रभंजन वकिलांकडं वळल्या.

“वकीलसाहेब, त्या पोराला उठवा आणि यांना झोपवा. हा माणूस आठवडाभर माझ्या शेजारी हात जुळवून, श्वास धरून पडतोय. मला झोप नाही. एकदाचं मरू द्या यांना.”

बायकोनंच असं म्हटल्यावर मंडळ काय बोलणार. पण काकूंच्या अटी होत्या. हाडं ठिसूळ झालीत, पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा खांद्यावरून न्यायचं नाही. शेवटी भाजीवाल्याची हातगाडी आली, तिच्यावर तिरडी बांधली, तिरडीवर गादी घातली आणि डोक्याखाली फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी ठेवली.

“मयताला उशी कुठं असते, काकू?” वरद म्हणाला.

“हाडं यांची आहेत, तुझी नव्हेत,” काकू म्हणाल्या.

अण्णा आडवे झाले. हात छातीवर जुळले, जबडा किंचित सैल सुटला, आणि गल्लीत एक समाधानाची कुजबुज पसरली. हलगी कडाडली. बोंब उठली. हातगाडीचं एक चाक कुईकुई करत होतं, त्यामुळं प्रेत स्वतःच कुरकुरत चाललंय असं वाटत होतं. लोक हसले. अण्णांना ते हसू बंद डोळ्यांनी ऐकू आलं आणि इतकं बरं वाटलं की त्यांना तिथंच उठून सांगावंसं वाटलं, पण ते धंद्याचे पक्के होते.

मागं प्रभंजन वकिलांनी ऊर बडवायला घेतला. त्यांचा शोक दरवर्षीचा ठरलेला, सगळ्या गल्लीला पाठ होता.

“अय्यय्यो माझ्या राजा, कुठं निघालास रे. दुकानाची किल्ली कुठं ठेवलीस रे. लाल फॉल कुठल्या खणात आहे, आता मला कोण सांगणार रे.”

“कोण सांगणार रे,” मागून सगळी लुगडी ओरडली.

“चहाला वरनं हाक मारली तर खालनं ओ कोण देणार रे.”

हे ठरलेल्यातलं नव्हतं. लुगडी गोंधळली. वकिलांनी पुढचं म्हणायला तोंड उघडलं, “आता मला कोण...” आणि त्यांचा आवाज फुटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फुटला. मग ते हातगाडीचा कठडा धरून, पदर तोंडात कोंबून खरोखरच रडायला लागले. हलगीवाल्याचा हात थांबला. चाक कुरकुरायचं थांबलं. मंडळाला जे होऊ द्यायचं नव्हतं ते नेमकं झालं होतं, आणि आता काय करायचं ते कुणालाच कळेना. सगळी गल्ली रंगलेल्या तोंडानं जमिनीकडं बघत उभी राहिली.

प्रेताला घाम फुटला होता. गुलाल ओघळून गळ्यापर्यंत आला होता, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात चाललं होतं. चौक यायच्या आधी उठायचं नाही, हा नियम अण्णांनी कुत्र्यानं तळवा चाटला तेव्हाही मोडला नव्हता. आता तो मोडून ते गादीवर उठून बसले. प्रभंजन वकिलांच्या तोंडातला पदर त्यांनी ओढून काढला, आधी त्यानं स्वतःचा चेहरा, मग मान पुसली, मग वकिलांचे डोळे पुसले. ते लुगडं आपल्या बायकोचं आहे, हे त्यांना त्या वासावरून कळत होतं.

“मला इंजेक्शन आहे,” अण्णा म्हणाले. “तुला काय झालंय?”

मग पहिल्यांदा पार्वतीकाकू हसल्या, पोट धरून हसल्या, आणि त्यांच्यामागोमाग सगळी गल्ली सुटली. वकील रडत रडतच हसायला लागले, त्यांना दोन्ही थांबवता येईना. अण्णांनी त्यांचा पदर नीट खांद्यावर टाकून दिला, उशी झटकली, आणि हात छातीवर जुळवून पुन्हा आडवे झाले.

“चला, ढकला,” ते डोळे मिटून म्हणाले. “चौक अजून लांब आहे.”