कापून वाचलेली कादंबरी

वर्षाला बारा पुस्तकं नवरा-बायकोनं मिळून वाचायची, हे खूळ माझं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पाडव्याला मी ते काढलं, आणि त्यामागे पुस्तकांचं प्रेम वगैरे फारसं नव्हतं. आमचे हे घुमे निघाले होते! सातपूरच्या कंपनीतून घरी यायचे. "कसा गेला दिवस?" म्हटलं की "बरा." "आमटी कशी झालीय?" "बरी." तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची. म्हटलं, एकच पुस्तक दोघांनी वाचलं तर निदान त्यावर तरी हा माणूस माझ्याशी बोलेल. मला तेवढंच हवं होतं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. माझी कचेरी, यांच्या पाळ्या, मुलीची शाळा, सासूबाईंचे गुडघे. त्यात नाशिकला घर असणं म्हणजे धर्मशाळा चालवणं. कुणाला त्र्यंबकला पूजा करायची, कुणाला रामकुंडावर विधी, आणि मुक्कामाला सगळ्यांना सिडकोतलं आमचंच दोन खोल्यांचं घर. पाहुण्यांना पोहे करू की पुस्तक वाचू? बारा कसली, सहा झाली तरी मी देवापुढे साखर ठेवायची. आणि वाचून झाल्यावर यांचं मत काय? "बरं आहे."

शिवाय प्रत एक आणि वाचणारे दोन. मला जरा उसंत मिळावी तर पुस्तक यांच्या बॅगेत, बॅग कंपनीत. यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी सासूबाईंवरूनही झाली नाहीत.

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. प्रदर्शनातून एक जाडजूड कादंबरी आणली होती. एका सकाळी बघते तर हे ब्लेड घेऊन बसलेले आणि पुस्तकाची पाठ उघडी!

"अहो, हे काय केलंत?"

"सुटे पार्ट केले," हे म्हणाले. "माझा वाचून झालेला मी घरी ठेवीन, तू तो घे. कुणाचं काम अडायला नको."

काम म्हणे! पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी मी, माझ्या देखत त्याचे सोळा-सोळा पानांचे तुकडे झाले. बाइंडर लोक त्या तुकड्याला फर्मा म्हणतात, हे ज्ञानही मला तेव्हाच देण्यात आलं. मी दोन दिवस बोलले नाही. यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

खोटं कशाला सांगू, युक्ती चालली. फर्मे भराभर घरी यायला लागले. इतके भराभर, की मी तिसऱ्यावर असताना हे आठव्यावर. "नुसती पानं चाळताय," मी म्हणायची. "नाही गं, वाचतोय," एवढंच उत्तर. आणि मग व्हायचं तेच झालं. ऐन मधला एक फर्मा कंपनीच्या बसमध्ये राहिला. यांनी वाचलेला, मी न वाचलेला. कपाळ माझं!

रविवारी पंचवटीच्या बाजारातून मटार आणला होता. सोलायला यांना समोर बसवलं. "आता बोला. त्या पानांत काय झालं ते सगळं सांगा."

"विशेष नाही. थोरला भाऊ छापखान्यात जातो, येतो."

"सोळा पानं नुसता जातो-येतो?" मी शेंगांचं ताट आपटलं. "लिहिणाऱ्यानं सोळा पानं लिहिली आणि तुम्हाला एक वाक्य सुचतं!"

मग हे खाली मान घालून, शेंगा सोलत, सांगायला लागले. छापखान्याचं यंत्र मालक दुसरीकडे हलवतो. माणसांना मात्र रोज या म्हणतो. थोरला रोज वेळेवर जातो, यंत्र होतं तिथं स्टूल टाकून बसतो. जमिनीला बोल्टांची भोकं आहेत, त्यांत कुणीतरी विड्यांची थोटकं टाकतं, ती हा काडीनं काढत बसतो. दुपारी डबा सगळ्यांबरोबर खात नाही. काम न करता भूक कशी लागते, असं कुणी म्हणेल म्हणून.

मी इतकी खूश झाले! दहा वर्षांत हा माणूस एवढा सलग बोलला नव्हता. मीही सरसावून बसले. "मग सोडत का नाही नोकरी?"

"राजीनाम्यावर सही केली की पैसे देतात. पण मग रोज सकाळी जायचं कुठं?"

"घरी का सांगत नाही?"

"काय सांगणार?"

"बावळटच आहे," मी म्हणाले.

"असेल," हे म्हणाले, आणि टरफलं टाकायला उठले.

पुढचा फर्मा उघडला तर छापखाना धडधडत चालू! यंत्र जिथल्या तिथं. मला वाटलं, लेखकच विसरला. असा संताप आला! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तरातरा वाचनालयात गेले, तीच कादंबरी काढून घेतली आणि कपाटापाशी उभ्यानंच ती पानं वाचली. त्यांत धाकट्या बहिणीचं लग्न होतं. थोरला भाऊ लाडू कमी पडले म्हणून आचाऱ्याशी भांडत होता. स्टूल नव्हतं, भोकं नव्हती, डबा नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आणि मग पुस्तक मिटून तिथल्या बाकावर बसले.

रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. अहो, बोला, बोला म्हणून दहा वर्षं जीव आटवला मी! आणि तोंड उघडलं ते दुसऱ्याच्या नावावर!

संध्याकाळी हे दारात आले. पाणी दिलं नाही, काही नाही.

"मशीन कधी हलवलं?" मी विचारलं.

बूट काढता काढता हे थांबले.

"पुस्तक मिळालं वाटतं," म्हणाले. मग तो बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवला. "दिवाळीच्या सुट्टीत हलवलं. आम्ही परत आलो तर जमिनीला नुसती भोकं."